घरच्या संरक्षणासाठी आणि रेंजवर: ग्लॉक 17 की ग्लॉक 19?

अमेरिकेत घर आहे, पिस्तूल घरातच राहणार आणि अधूनमधून रेंजवर जाणार, तर सरळ 17 घ्या. कमरेला लावून फिरायचं असेल तरच 19.

दोन्ही 9 मिमी, आतली यंत्रणा तीच. 17 ची नळी 114 मिमी, 19 ची 102. मॅगझिनमध्ये 17 आणि 15 गोळ्या. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात 10 चीच मर्यादा असल्याने हा फरक तिथे उरत नाही. खरा फरक मुठीचा. 17 ची मूठ लांब, करंगळी नीट बसते, धक्क्यानंतर नेम लवकर परत लागतो. मनगट सैल राहिलं की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. नवशिके पिस्तुलाला दोष देतात, चूक बहुधा पकडीची असते. रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन प्रत्येकी 50 गोळ्या झाडून बघाच.

सरावाला 115 ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाच्या साध्या गोळ्या, घरात हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या. पण त्याही घरातल्या जिप्समच्या भिंतीतून आरपार जातात. पलीकडे कोण झोपतं ते आधी बघा.

सगळ्यात महत्त्वाचं: साफ करायला उघडताना दोन्हींचा ट्रिगर दाबावाच लागतो. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. क्रम उलटा केलात तर चेंबरमध्ये नवी गोळी चढते आणि अपघात होतात ते इथेच. अंगठ्याने लावायचं सेफ्टी बटण नेहमीच्या मॉडेलांना नसतं, म्हणून पलंगाला किंवा भिंतीला बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी पिस्तुलाबरोबरच विकत घ्या.