दुर्मिळ बॉटल पाम आणि कुंडीत घालायला पोत्याने मिळणारं पीट मॉस (दलदलीतलं वाळकं शेवाळ), यांत जास्त मोलाचं काय?

मॉस. आता भांडा.

‘दुर्मिळ’ म्हटलं की काहींच्या अंगावर मूठभर मांस चढतं. आमचे दाजी त्यातलेच. बाटलीसारख्या फुगलेल्या बुंध्याचा हा बॉटल पाम मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. माणसांनी सोडलेल्या शेळ्या-सशांनी तिथली रोपं फस्त केली, रानात मोजकीच झाडं उरली. हे कुठेतरी वाचून त्यांनी बावधनच्या बंगल्यापुढे एक आणला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला व्याख्यान सुरू. अहो, पुण्यात कितीतरी सोसायट्यांच्या गेटवर हाच पोटफुगा उभा आहे!

दुर्मिळ झाडाला साधी माती कशी चालेल? म्हणून खड्ड्यात परदेशी पीट मॉस ठासलं. मी तेव्हाच म्हटलं, “दाजी, हा खडकाळ बेटावरचा गडी, पाणी झरझर निघून गेलं पाहिजे. हे मॉस पाणी धरून बसणार.” “तू बँकेतला माणूस, तुला काय कळतंय,” म्हणाले. पावसाची झड लागली. भोवतीची काळी माती पाणी जिरू देईना. मधल्या कोवळ्या पानाची न उलगडलेली सुरळी मी नुसती चिमटीत धरली तर अख्खी हातात आली. बुडाला तपकिरी लगदा, सडक्या कांद्याचा वास. दाजी अजून नर्सरीवाल्यालाच दोष देतात.

मॉसचं मोल कुंडीत नाही, दलदलीत आहे. थंड देशांत स्फॅग्नम नावाचं हे शेवाळ वरून वाढतं, खाली मरतं, पण आम्ल पाण्यात हवेविना नीट कुजत नाही. हा साचलेला थर म्हणजे पीट. तो चढतो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर; मीटरभर पीट म्हणजे हजारेक वर्षं. जगाच्या जमिनीपैकी ३ टक्के पीटची, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांहून जास्त कार्बन तिच्यात. ते उपसून आपण बाल्कनीत घालतो.

हां, जात म्हणून बघाल तर राउंड आयलंडवरचा पाम गेला की गेला. सोसायटीतल्या झाडांचा भरवसा धरू नका, बागेत त्यांचा भावकीतल्या स्पिंडल पामशी संकर होतो. आणि ऑर्किडवाल्यांनी मॉस वापरलं तर माझी तक्रार नाही.

पुण्यात पाम लावायचाच तर मुरूम, वाळू, शेणखत; हलकं हवं तर थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दाजींच्या त्या खड्ड्यात आता अळू जोमात आलंय. मॉसमुळेच, असं त्यांचं म्हणणं.