तिथे चालतं का हो?

मी समुपदेशक आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे येणाऱ्या नव्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "परदेशात चारचौघांत बाळाला अंगावर पाजलेलं चालतं का हो?" उत्तर म्हणून मी मेघनाची गोष्ट सांगते. (नाव बदललं आहे.)

तिची मुलगी साडेचार महिन्यांची होती. नवऱ्याच्या कामानिमित्त बारा दिवस स्कॉटलंडमधलं एडिंबरा, सोबत सासूबाई. उपाय तिने आधीच शोधला होता. "जाण्याआधी वरच्या दुधाची सवय लावते. प्रश्नच मिटला."

पहिल्या भेटीत मी तिला कायदे सांगितले. स्कॉटलंडमध्ये दोन वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजणाऱ्या आईला अडवणं हाच २००५च्या कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये २०१०चा समानता कायदा आईच्या बाजूने आहे. अमेरिकेतही २०१८पासून पन्नासही राज्यांत मुभा आहे. तिने मान डोलावली आणि पुढच्या भेटीला येताना पावडरीचा डबा विकत घेऊन आली!

म्हणजे अडलं होतं ते माहितीपाशी नव्हतं. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनात जे बोलतो, ते आपल्याला जास्त छळतं. माझं सगळं काम या विचारावर उभं आहे. मेघना मनात काय बोलते, ते मी अजून ऐकलंच नव्हतं.

मी म्हटलं, "जाण्याआधी एकदा सारसबागेत बसून पाजून बघ."

ती दचकली. "इथे? छे! तिथे निदान मला कोणी ओळखत तरी नाही."

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा मोह फार होतो. तो आवरायला मला बरीच वर्षं लागली, पण आता आवरतो.

बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "म्हणजे मला तिथल्या लोकांची भीती नाहीच आहे."

"मग?"

"आई सोबत असणार ना."

मग सगळं बाहेर आलं. हॉलमध्ये ती बाळाला घेऊन बसली की सासूबाई उठून दार लोटून घेत. एक शब्द न बोलता. त्या दाराच्या आवाजाचा अर्थ मेघनाने चार महिने एकच लावला होता: यांना लाज वाटते माझी.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंनाही बोलावलं. त्या ऐकून थक्कच झाल्या. "अगं, तुझ्या नवऱ्याला मी स्वारगेटच्या स्टँडवर पाजलंय! पण मला पदर होता. तू कुर्त्यात असतेस, कोणी आलं तर तुला अवघडायला नको, म्हणून दार लोटते मी."

त्या दिवशी मीही काही शिकले. चारचौघांत पाजणं आपल्याकडे कधीच नवं नव्हतं. शेतात, एसटीत, लग्नाच्या मांडवात बायका पाजतच आल्या. पेहराव बदलला, पदर गेला आणि आपण पोरींना आतली खोली दाखवत राहिलो.

म्हणून माझा आग्रह असतो की तयारी घरी करा. पुढून उघडणारा शर्ट आणि आत सैल बनियन घातलं, की शर्ट थोडाच उघडावा लागतो आणि पोट झाकलेलं राहतं. आरशासमोर दोनदा पाजून बघा, किती कमी दिसतं ते कळेल. बाळ हात चोखू लागलं, तोंड वळवून शोधू लागलं की लगेच घ्या. रडायला लागल्यावर सगळ्यांच्या नजरा वळतात आणि आईचे हात थरथरतात. मन ताणलेलं असलं की पान्हाही लवकर फुटत नाही. पाजणं टाळत राहिलात तर छाती दगडासारखी होते, गाठी येतात, प्रवासात ताप भरतो. विमान उतरताना बाळ जागं असेल तर आवर्जून पाजा, गिळताना कानांचे दडे सुटतात. काढलेलं दूध सोबत असेल तर ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या विमानतळांवर त्याला १०० मिलीची अट नसते. तपासणीच्या वेळी आधी सांगा. आखाती देशांत मात्र अंगावर ओढणी असू द्या, तिथली रीत तशी आहे. आणि एखादीला आडोशालाच बरं वाटत असेल, तर तिने खुशाल आडोसा शोधावा. फक्त तो तिचा निर्णय हवा, भीतीचा नको.

मेघनाचा एडिंबराहून फोटो आला. बागेतला बाक, मांडीवर लेक, आणि वारा अडवायला सासूबाईंनी दोन्ही हातांनी धरलेली शाल. खाली लिहिलं होतं, "डबा पुण्यातच आहे. सीलही फोडलं नाही."