वाचकांचे प्रश्न : पुस्तकांचे कपाट आणि फळीचा झोळ

प्रश्न : स. न. वि. वि. सहा वर्षांपूर्वी मी पुस्तकांसाठी एक उघडे कपाट स्वतःच्या हाताने तयार केले. त्याच्या फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या असून ११० सेंटिमीटर लांब आहेत. आता प्रत्येक फळीला मधोमध झोळ आला आहे. दुसरे कपाट सागवानाचे करावे असे मनात आहे. लाकूड बदलल्याने हा दोष जाईल का? आणि आखणीची सुरुवात कोठून करावी?

उत्तर : केवळ लाकूड बदलून हा दोष जाणार नाही. सागवान प्लायवूडपेक्षा काहीसे ताठ असते हे खरे, परंतु आपल्या फळ्या वाकल्या त्या मुख्यतः लांबीमुळे. पुस्तकांनी गच्च भरलेल्या एक मीटर फळीवर साधारण ३० ते ४० किलो वजन येते. फळीची लांबी वाढली की तिच्यावर मावणारी पुस्तकेही वाढतात, त्यामुळे झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तीच फळी ७५ सेंटिमीटरऐवजी ११० सेंटिमीटर घेतली, तर झोळ साडेचार पटींहून अधिक होतो. शिवाय लाकडावरचा भार कधी उतरत नसेल, तर ते वर्षानुवर्षे हळूहळू वाकतच राहते. म्हणून पहिल्या महिन्यात फळी सरळ दिसली, एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. १८ मिलिमीटरच्या फळीला ७५ सेंटिमीटरपलीकडे आधाराविना ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो. १८ऐवजी २५ मिलिमीटर जाडी घेतली, तर फळी अडीच पटींहून अधिक ताठ होते. जवळजवळ तेवढाच ताठपणा १८ मिलिमीटरच्या फळीच्या पुढच्या कडेला २० मिलिमीटर जाड आणि ४० मिलिमीटर उंच पट्टी उभी चिकटवूनही मिळतो. पट्टीचा वरचा काठ फळीच्या पृष्ठभागाशी समतल ठेवावा. मग ती २२ मिलिमीटर खाली लोंबते, आणि खालच्या खणातील पुस्तक काढताना नेमके तेवढेच आडवे येते. खणाची उंची आखताना हे विसरू नये. जुने कपाट टाकून देण्याचे मात्र कारण नाही. प्रत्येक खणात मधोमध उभी फळी बसवा. या उभ्या फळ्या वरपासून खालपर्यंत एकाखाली एक येऊन भार जमिनीपर्यंत पोहोचला पाहिजे. ११० सेंटिमीटरचे अंतर ५५ झाले, की झोळ सोळाव्या हिश्श्याच्याही खाली येतो.

आखणीची सुरुवात मात्र पुस्तकांपासून करावी, लाकडापासून नव्हे. सगळी पुस्तके जमिनीवर काढून उंचीप्रमाणे त्यांचे ढीग लावावेत आणि प्रत्येक ढिगातील सर्वांत उंच पुस्तक मोजावे. डेमी आकाराची पुस्तके सुमारे २२ सेंटिमीटर उंच असतात, त्यांना २५ ते २६ सेंटिमीटरचा खण पुरतो, कारण पुस्तकाच्या माथ्यावर बोट घालून ते पुढे ओढण्याइतकी जागा हवीच. ए-फोर आकाराच्या ग्रंथांना ३३ सेंटिमीटर लागतात, आणि ते जड असल्याने सर्वांत खालीच शोभतात. खोली २५ सेंटिमीटर पुरे. अधिक खोल कपाटात हळूहळू पुस्तकांची दुसरी रांग लागते, आणि मागे गेलेले पुस्तक वाचकाच्या लेखी हरवलेलेच असते. याचे मला नेहमी वाईट वाटते.

फळी नुसत्या स्क्रूवर तोलू नये. बाजूच्या फळीत जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर खोल खाच पाडून तिच्यात आडवी फळी सरस लावून बसवावी. खाचेची रुंदी प्रत्यक्ष फळी खाचेवर धरूनच आखावी, कारण १८ मिलिमीटरची म्हणून आणलेली फळी रंधा मारल्यावर तेवढी राहत नाही. सांगाडा जुळवल्यावर सरस ओला असतानाच टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. एक कर्ण मोठा निघाला, तर त्याच दिशेने समोरासमोरचे कोपरे हलके दाबून दोन्ही मापे सारखी करावीत. शेवटी, कपाट उंच असेल तर त्याचा माथा भिंतीला पक्का जखडावा. लहान मुले खणांवर पाय ठेवून चढतात, हे गृहीतच धरावे.

प्रश्न : मी कपाटाची पाठ भरीव लाकडाच्या उभ्या फळ्या एकमेकींना चिकटवून केली आणि चारही बाजूंनी खिळे मारले. कोरड्या दिवसांत तिला वरपासून खालपर्यंत तडा गेला. लाकूड खराब होते का?

उत्तर : लाकूड बहुधा चांगलेच होते, त्याला हलायला जागा मिळाली नाही. दमट हवेत लाकूड रेषांना आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, रेषांच्या दिशेने मात्र त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. सुमारे ८० सेंटिमीटर रुंदीच्या पाठीत पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो. दोन्ही कडा खिळ्यांनी धरल्या असतील, तर आकसणारी पाठ स्वतःलाच फाडते. भरीव लाकूडच हवे असेल, तर दहाएक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढतील अशा कडा काढून, सरस न लावता बसवाव्यात आणि प्रत्येक पट्टीला वर-खाली, तिच्या मध्यरेषेवर एकेकच स्क्रू द्यावा. मी स्वतः ६ मिलिमीटरचे प्लायवूड चारही कडांना सरस व स्क्रू लावून बसवणे पसंत करतो, कारण असे कपाट बाजूला कलंडत किंवा डोलत नाही. पाठ बसवण्याआधी तिला दोन्ही अंगांनी पॉलिश करून घ्यावे. एकाच अंगाला केल्यास ती वाकण्याची शक्यता असते.