५००० मीटरच्या ट्रेकसाठी तीन महिन्यांत काय तयारी करावी?

वय ४२, रोज सहा किलोमीटर चालणं, आणि तीन महिन्यांनी ५००० मीटरच्या वर जाणारा पहिलाच ट्रेक, असं तुम्ही लिहिलंय. विचारलंय मात्र एवढंच की स्टॅमिना कसा वाढवू. पहिल्या वेळी मीही एवढंच विचारलं होतं आणि तिथेच फसलो.

तेव्हा मी आठवड्याला चाळीस किलोमीटर धावायचो. ३८०० मीटरच्या मुक्कामाला गटातल्या सगळ्यांच्या तासभर आधी पोहोचलो. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. ऊन लागलं असेल म्हणून गोळी घेतली, कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ४४०० मीटरवर ताट समोर आलं आणि मळमळायला लागलं. ट्रेक लीडरने काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्या पायाची टाच चिकटवत तिच्यावरून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला माझा तोल गेला. त्याने माझं काही ऐकून घेतलं नाही. अंधारातच मला खाली आणलं. सकाळी मी ठणठणीत होतो, ट्रेक मात्र संपला होता.

तेव्हा कळलं की दमसास वेगळा आणि उंचीची सवय वेगळी. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी होत जातो. ५५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा उरतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही जवळपास निम्मा. शरीर आधी श्वास आणि नाडी वाढवतं. मग काही दिवसांत मूत्रपिंडं रक्तातला बायकार्बोनेट नावाचा क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाशी रक्ताचा मेळ घालतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. सपाटीवर कितीही धावलात तरी यातलं काहीच आधी होऊन बसत नाही. उलट ज्याचा दमसास चांगला तो भराभर चढतो, आणि त्रास होतो तो भराभर चढण्यानेच.

म्हणून व्यायामाच्याही आधी कार्यक्रमपत्रिका हातात घ्या आणि प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून काढा. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी, असा सर्वमान्य नियम आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलात तर चांगलंच. आफ्रिकेतल्या किलिमांजारोचंच पाहा. ५८९५ मीटरचा डोंगर, नेहमीच्या वाटांवर दोर लावून चढायची गरज नाही, पण त्याचे पाच दिवसांचे कार्यक्रमही विकले जातात आणि आठ दिवसांचेही. माझ्या मते पाच दिवसांचा स्वस्त पडत असला तरी घेऊ नये.

आता व्यायाम. सहा किलोमीटर सपाटीवर चालणं हा पाया झाला. त्यावर आठवड्यातून दोनदा जिने किंवा चढ, पाठीवर सॅक घेऊन. चार-पाच किलोंपासून सुरुवात करा आणि ट्रेकला जेवढं ओझं असेल तिथपर्यंत हळूहळू न्या. पंधरवड्यातून एकदा पाच-सहा तासांची सलग चाल. आणि उतरण्याचा सराव मुद्दाम करा, तो जवळजवळ सगळेच विसरतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात. सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी खाली बसणंही नको वाटतं. लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरलात तर शेजारी हसतील, हसू द्या. शेवटचा आठवडा हलकाच ठेवा.

ॲसिटाझोलामाइड नावाचं औषध उंचीची सवय लवकर व्हायला मदत करतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगायला हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते. रक्तदाब, हृदय किंवा दम्याची काही तक्रार असेल तर डॉक्टरांकडे आत्ताच जा, निघायच्या आठवड्यात नको. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर नकोतच.

वर गेल्यावर डोकं दुखतंय, भूक नाही, गरगरतंय असं असेल तर त्या दिवशी आणखी चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर लगेच उतरायचं, सकाळची वाट न पाहता. रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबून पुन्हा जोरात सुरू होणं मात्र तिथे अनेकांना होतं. आधी माहीत नसेल तर जाम घाबरायला होतं. ऑक्सिमीटर नेलात तर न्या, पण गार बोटांवर तो काहीही आकडे दाखवतो, आणि तंबूत सगळे परीक्षेच्या मार्कांसारखे ते आकडे एकमेकांना विचारत बसतात. 'डोकं दुखतंय' हे तोंडाने सांगणं जास्त कामाचं.

सामानाची यादी सगळीकडे मिळेल, फार लिहीत नाही. बूट आजच घ्या आणि सगळा सराव त्यांतच करा. सुती बनियन नको, घामाने भिजतो आणि वाळत नाही. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्या हिशेबाने कपड्यांचे थर ठरवा. फोन आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: कार्यक्रमात राखीव दिवस आहे का, सोबत ऑक्सिजन सिलिंडर असतो का, आणि रात्री कुणाला खाली न्यायची वेळ आली तर त्याच्याबरोबर कोण उतरणार. विमाही नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक उंचीच्या वर काहीच मिळत नाही आणि ती ओळ बारीक अक्षरांत असते.