स्लॅबला झोपाळा, भिंतीला गिझर

प्रश्न : हॉलच्या स्लॅबला झोपाळा टांगायचा आहे. सागवानी पाट, पितळी कड्या. मिस्त्री म्हणतो, दोन अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) मारले की झालं. वर दुसऱ्यांचं घर आहे, त्यामुळे आरपार बोल्ट टाकता येत नाही. स्लॅब ५ इंची आहे. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन फास्टनरवर झोपाळा टांगू नका. आधी वजनाचा हिशेब बघा. दोन मोठी माणसं १४० किलो, पाट आणि कड्या ४० किलो, म्हणजे १८० किलो. हे झालं झोपाळा स्थिर असताना. तो ४५ अंशांपर्यंत उंच गेला, तर खाली येताना कड्यांवरची ओढ सुमारे १.६ पट होते, ६० अंशांवर दुप्पट. मुलं जोरात झोके घेणारच, म्हणून ३६० किलो धरूनच चाला. पाकिटावर छापलेली ताकद बहुधा स्थिर वजनाची आणि तडा नसलेल्या काँक्रीटमधली असते. स्लॅबच्या मधोमध खालच्या बाजूला मात्र काँक्रीट ताणाखाली असतं, तिथे केसासारख्या चिरा असू शकतात. भोकातून अशी चीर गेली की फास्टनरची पकड कमी होते, कारण तो फुगून भोकाच्या बाजूंवर दाबला जातो आणि त्या घर्षणावरच टिकतो.

जवळ बीम असेल तर पहिली पसंती बीमला. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावून, बीमच्या उंचीच्या मध्यावर आडवं आरपार भोक पाडून बोल्ट टाकतात. मग बोल्ट उपसून येण्याचा प्रश्नच राहत नाही. वर-खालच्या मुख्य सळ्या आणि रिंगा वाचवायच्या, आणि हे भोक स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाडायचं नाही.

स्लॅबलाच टांगायचं असेल तर प्रत्येक टांगणीला १५० × १५० × १० मिमीची लोखंडी प्लेट घ्या, मधोमध बंद कडी वेल्ड केलेली. चार कोपऱ्यांत १० मिमीचे चार वेज अँकर (नट आवळला की टोकाची नळी फुगून अडकणारे लांब बोल्ट), एकमेकांपासून १०० मिमी अंतरावर. स्लॅबच्या कडेपासूनही किमान १०० मिमी आत राहा. कडेजवळ काँक्रीटचा कोपराच फुटून येतो. पंचाने ठोकून फुगवायचा आखूड ड्रॉप-इन इथे नको. तो १० मिमीचा असला तरी जेमतेम ४० मिमी आत जातो. काँक्रीट शंकूच्या आकारात उपटून येतं, त्यामुळे खोली दुप्पट केली की ताकद पावणेतीन पटींच्या आसपास जाते. वेज अँकर ६० मिमी आत जायला हवा, आणि वरचं प्लास्टर या मापात धरायचं नाही.

बिट १० मिमीचंच, न झिजलेलं. बिटावर ७५ मिमीला चिकटपट्टी लावून हॅमर ड्रिल सरळ धरा. मग भोक फुंका, तारेच्या ब्रशने घासा, परत फुंका. हे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि फास्टनर निसटायचं एक मोठं कारणही हेच आहे : आत राहिलेली भुकटी फास्टनर आणि काँक्रीट यांच्यामध्ये वंगणासारखी बसते. सळी लागली तर ती कापू नका. प्लेट सरकवा, जुनं भोक ग्राउटने (सिमेंटच्या मसाल्याने) भरा. पंख्याकडे जाणारा वायरचा पाइपही स्लॅबमध्येच असतो, त्याची दिशा आधी पाहा. नट टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) पाकिटावरच्या आकड्याइतकाच आवळा.

ठोकून पाहिल्यावर स्लॅबचा आवाज बद्द आला, गंजाचे डाग दिसले किंवा स्लॅब पोस्ट-टेन्शनचा (आत ताणून ठेवलेल्या पोलादी तारा असलेला) असला, तर ड्रिल लावूच नका. जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट घ्या. केमिकल अँकरही (भोकात चिकट मसाला भरून बसवलेला बोल्ट) डोळे झाकून नको. २००६ मध्ये बोस्टनमधल्या बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तक्ते कोसळून एक बाई दगावली. तिथे सततच्या ओढीखाली हळूहळू सरकणारं इपॉक्सी वापरलं होतं.

बसवून झाल्यावर पाटावर सिमेंटची ५० किलोची सात पोती ठेवा, पाट जमिनीपासून वीतभरच वर असू द्या, आणि तासभर थांबा. नट आणि प्लेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. दर सहा महिन्यांनी बघत जा.

प्रश्न : २५ लिटरचा गिझर पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर लावला. लोखंडी फास्टनर महिन्याभरात हलायला लागले.
– एक वाचक, पुणे

उत्तर : भिंत एएसी ब्लॉकची आहे. हा ब्लॉक बुडबुड्यांनी भरलेला असतो. लोखंडी फास्टनर फुगताना त्याचा चुरा करतो आणि त्या चुऱ्यात सैल होतो. परत आवळलं तर आणखी चुरा होईल. पाणी २५ किलो, टाकी १० किलोच्या आसपास, आणि गिझर भिंतीपासून पुढे येत असल्यामुळे वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात. सगळ्यात भरवशाचं म्हणजे आरपार बोल्ट आणि पलीकडून १०० मिमीची प्लेट. पलीकडे जाता येत नसेल, तर एएसीसाठीचा लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर नव्या जागी लावा. भोक पाडताना हॅमर बंद ठेवायचा, नुसतं फिरवायचं. भिंत कशाची आहे ते भुकटी सांगते : राखाडी असेल तर काँक्रीट, लाल असेल तर वीट, पांढरी आणि मऊ असेल तर एएसी. विटेच्या भिंतीत भोक विटेच्या मधोमध घ्या, सांध्यात नको. कोकणातल्या जांभ्यात आणि पोकळ ब्लॉकमध्येही केमिकल अँकरच बरा. पोकळ ब्लॉकमध्ये त्याला जाळीची नळी लागते, नाहीतर सगळा मसाला पोकळीत पडतो.

प्रश्न : नट आवळताना अख्खा फास्टनरच फिरतो, घट्ट होत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : भोक मोठं झालंय किंवा आत भुकटी आहे. पट्टीने बोल्ट बाहेर ओढून धरत नट फिरवून पाहा. बाहेरची नळी अडकली तर धरेल. नाहीच धरला तर काढा आणि एक माप मोठा फास्टनर बसवा किंवा जागा बदला. भोकात काड्या, लाकडाची खुंटी कोंबू नका. ड्रॉप-इन असेल आणि फिरत असेल, तर बहुधा तो पूर्ण फुगलेला नाही : त्याच्याच मापाच्या पंचाचा खांदा वरच्या कडेला टेकेपर्यंत ठोकायला हवा.