पहिल्या बेसवर सूर मारू द्यावा का? (उत्तर लांबलंय, आधीच सांगतो)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावरचा जुना वाद आठवला. तुमचा मुलगा यंदा तेराचा, बेसबॉलची नवी टीम, चेंडू मारल्यावर पहिल्या बेसकडे (जमिनीवरच्या त्या पहिल्या बॅगेकडे) धावताना दर वेळी डोकं पुढे करून सूर मारतो, कोच टाळ्या वाजवतात, नवरोबा म्हणतात "आम्ही क्रीजसाठी असेच सूर मारायचो", आणि तुमचा जीव खालीवर. फरक एवढाच, आमच्याकडे सूर मार म्हणणारी माझ्या मुलाची आजी होती, तिला क्रिकेटचं फार वेड. बाकी सगळं हुबेहूब.

माझं मत सरळ आहे. धावत पार व्हायचं. अपवाद मोजके आहेत, ते पुढे लिहितो. मी कोच नाही, डॉक्टर तर नाहीच. मुलामागे अमेरिकेतली मैदानं पालथी घातलेला आणि अधूनमधून स्कोअरबुक सांभाळणारा बाप आहे, त्या बेतानेच हे वाचा.

आधी नवरोबांचा मुद्दा, कारण तो चुकीचा नाही, फक्त दुसऱ्या खेळातला आहे. क्रिकेटमध्ये बॅट क्रीजच्या आत टेकवावी लागते. धावताना बॅट हातात, हात कमरेच्या वर. म्हणजे खाली वाकणं आलंच. सूर मारला की वाकणं आणि लांबी दोन्ही एकदम मिळतं, वर बॅटभर अंतर फुकट. बेसबॉलमध्ये बॅट केव्हाच टाकलेली असते आणि बॅगेला लागायचा असतो पाय, जो तसाही जमिनीवरच पडणार आहे. त्यासाठी अख्खं शरीर खाली न्यायचं, छातीने मातीशी घासायचं आणि वेग घालवायचा, कशासाठी? दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर स्लाइड करतात (जमिनीवर घसरत जातात) ती थांबण्यासाठी, कारण तिथे पुढे गेलात की टॅग, म्हणजे अंगाला चेंडू लावून आउट. पहिल्या बेसवर पुढे निघून जायची नियमानेच मुभा आहे. बॅगेला पाय लावून लगेच परत आलं की झालं. फक्त दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला की ती मुभा संपते.

कागदावर सूर जिंकू शकतो असं म्हणणारे आहेत. हात लांब, शरीर हवेत, जमिनीला न लागता थेट बॅगेवर. असेल. पण मग तेवढ्या वेगाने बोटं नि मनगटं बॅगेच्या कडेवर आदळतात, आणि तिथेच फर्स्ट बेसमनचा, म्हणजे पहिल्या बेसवरच्या फील्डरचा, पाय असतो. वरच्या वयोगटांत त्या बुटांना धातूचे खिळेही चालतात.

कोच मंडळी हमखास रॉबर्टो अलोमारचं नाव काढतात. हॉल ऑफ फेमचा (बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीतला) खेळाडू, पहिल्या बेसवर सर्रास सूर मारायचा. खरं आहे. तो त्याच्या सुरामुळे हॉल ऑफ फेममध्ये गेला नाही, एवढंच मी म्हणतो. मुलाला दाखवायचंच असेल तर २०१४ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना दाखवा. कॅन्सस सिटी, तिसरी इनिंग, २-२ बरोबरी. कॅन्सस सिटीच्या एरिक हॉस्मरने चेंडू मधून मारला, जायंट्सच्या जो पॅनिकने झेप घेऊन अडवला आणि ग्लव्हमधूनच शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे) ढकलला. तिथून थ्रो पहिल्या बेसवर. हॉस्मरने सूर मारला. अंपायरने सेफ दिलं, जायंट्सनी रिव्ह्यू मागितला, निर्णय फिरला, डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे आउट. सामना जायंट्सनी ३-२ ने घेतला. तो उभा धावत गेला असता तर वाचला असता, असं तेव्हा किती जणांनी म्हटलं! माझ्या मुलाला माझ्या दहा भाषणांपेक्षा ही एक क्लिप जास्त पटली.

तेराव्या वर्षीच हे खूळ का येतं, तेही सांगतो. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये बारापर्यंतच्या गटात पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे करून स्लाइड केली की सरळ आउट. तेरा लागले की बंदी उठते. त्याच सुमारास बेस लांब जातात, दोन बेसमधलं अंतर साठ फुटांचं सत्तर किंवा थेट नव्वद. काल जिथे आरामात पोचत होता तिथे आज अर्धं पाऊल कमी पडतं, मग पोरगं सूर मारून ते भरून काढायला बघतं. ट्रॅव्हल टीमचे (गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या टीमचे) नियम वेगळे असू शकतात, त्यांचं नियमपुस्तक मागून घ्या.

आता आमचं. एका उन्हाळी कँपला (नाव लिहीत नाही) मुलाला घातलं होतं. तिथे रोज संध्याकाळी सगळ्यात मळलेल्या जर्सीला बक्षीस, कँपची टोपी. मेहनतीचं कौतुक म्हणे. पोरं काय करणार? गरज असो नसो, दिसेल त्या बेसवर लोळण. चेंडू अजून तिसऱ्या बेसच्या कोपऱ्यात आहे आणि हा पहिल्या बेसवर पोटावर! अशातच फर्स्ट बेसमनचा बूट त्याच्या अंगठ्यावर आला. पोराने "ठीक आहे" म्हटलं म्हणून त्या लोकांनी अपघाताची नोंदच केली नाही. एक्स-रेत काही दिसलं नाही, पण लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, आणि वाढत्या हाडांचं टोक दुखावलं तर तेही कधीकधी पहिल्या एक्स-रेत सापडत नाही. सूज उतरेना तेव्हा हाताच्या स्पेशालिस्टकडे गेलो. मग प्लास्टर, आणि सीझनचा उरलेला भाग बाकावर.

कँपच्या ऑफिसला विचारलं, स्लाइड कोणी शिकवली, कशावर शिकवली, पहिल्या बेसवर का? उत्तर आलं, "स्लाइडिंग हा खेळाचा भाग आहे. आपल्या मुलाचा उत्साह आम्हाला फार आवडला." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच, खाली पुढच्या वर्षीच्या नोंदणीची लिंक. विम्याचं विचारलं तर म्हणे अपघाताची नोंद कुठे आहे! नोंद करायची कोणी, तर त्यांनीच. असो. रक्तदाब वाढतो.

पैशांपेक्षा महाग पडलं ते वेगळंच. प्लास्टर निघाल्यावर तो धावायला लागला खरा, पण बॅग जवळ आली की दोन पावलं आधीच खांदे मागे जायचे, पाय आखडायचे. सूर बंद झाला, त्याच्या जागी ब्रेक आला. ते सुटायला फार दिवस गेले. शेवटी एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने, जो कॉलेजात खेळलेला होता, बॅगेच्या पंधराएक फूट पुढे सरावाचा एक शंकू (कोन) ठेवला आणि सांगितलं, शर्यत शंकूपर्यंत आहे, बॅग वाटेत लागते. बॅगेची पुढची कड पावलाच्या चवड्याने घ्यायची, शेवटचं पाऊल लांबवायचं नाही, उडी तर मुळीच नाही. पार झाल्यावर छोट्या पावलांनी वेग कमी करायचा आणि उजवीकडे बघायचं, चेंडू निसटलाय का ते.

धावत जाणंही अगदी निर्धोक नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ब्राइस हार्पर या नामवंत खेळाडूचा पाय पहिल्या बेसवर पावसाने ओल्या झालेल्या बॅगेवरून सटकला आणि गुडघा उलटा ताणला गेला. परत खेळायला सप्टेंबर संपत आला. पाऊस पडला असेल तर कोचला बॅग पुसायला सांगा, लाजू नका. सॉफ्टबॉलमध्ये असते तशी दुहेरी बॅग, पांढरी फील्डरची आणि केशरी धावणाऱ्याची, तुमच्या लीगमध्ये मिळत असेल तर हट्टाने मागा.

अपवाद. थ्रो वाकडा आला आणि फर्स्ट बेसमन बॅग सोडून होम प्लेटच्या (जिथून फलंदाज चेंडू मारतो तिच्या) बाजूला येऊन टॅग करायला बघतोय, तेव्हा स्लाइड, शक्यतो पाय पुढे करून. समोरासमोर धडक होणार असेल तेव्हाही. आणि बेस सोडून पुढे सरकलेल्याला आउट करायला पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) बेसकडे अचानक थ्रो केला, म्हणजे पिकऑफ टाकला, की परत बेसवर हात पुढे करून झेपच घ्यायची, ती वेगळी गोष्ट, ती शिकायलाच हवी. सराव ओल्या गवतावर, बूट काढून.

दुखापत झालीच तर त्याच दिवशी, पोरगं काहीही म्हणो, लेखी नोंद मागा आणि तिचा फोटो काढून ठेवा. लीगचा अपघात विमा बहुतेक वेळा तुमच्या स्वतःच्या विम्यानंतरच लागू होतो आणि त्याला मुदत असते.

नवरोबा ते जाडजूड स्लाइडिंग मिट (सूर मारताना हात वाचवणारा मोजा) घेऊ म्हणताहेत ना? माइक ट्राउट या स्टार खेळाडूने २०१७ मध्ये दुसऱ्या बेसवर सूर मारून अंगठ्याचं लिगामेंट फाडून घेतलं होतं, तेव्हा तिथे ते उपयोगी आहे यात शंका नाही. पण पोरगं बेस चोरायला (पिच पडतानाच पुढच्या बेसकडे पळायला) लागलं की बघा. सध्या ते पैसे बुटांवर घाला, या वयात गेल्या वर्षीचे बसतही नसतील.