‘चेरोकी मिशनरी’ हा कोणता समास?

एका भाषांतरकार भगिनींनी विचारले आहे की, अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी चेरोकी या जमातीत काम केलेल्या सॅम्युएल वूस्टर यांच्या चरित्रात त्यांना ‘चेरोकी मिशनरी’ म्हटले आहे, तर त्याचे मराठी ‘चेरोकी जमातीचे पाद्री’ असे करावे काय? करू नये. दोन्ही शब्द चुकतात.

समासाचे उत्तर आपल्या घरातच आहे. बॉस्टनच्या ज्या मिशनरी मंडळाने वूस्टरना १८२५ साली चेरोकींकडे पाठवले, त्याच मंडळाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईत उतरले होते, आणि त्यांच्या कार्याला पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव पडले. हॉलसाहेब मराठी होते असे कोणी म्हणत नाही. तसेच वूस्टर हे व्हरमाँटमध्ये शिकलेले गोरे गृहस्थ होते. म्हणून ‘चेरोकींमधील मिशनरी’ असे लिहावे. (आडनावाचे Worcester हे स्पेलिंग पाहून ‘वॉर्सेस्टर’ लिहिण्याची चूक मात्र आपण केलेली नाही, याबद्दल अभिनंदन.) जेसी बुशीहेड हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक जन्माने चेरोकी होते, त्यांच्याविषयी लिहिताना हा समास सरळ कर्मधारय म्हणून सोडवता येईल.

‘पाद्री’विषयी थोडक्यात सांगतो. हा शब्द पोर्तुगीज ‘पाद्रे’ म्हणजे बाप यावरून आलेला आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘पाद’मध्ये शोधणाऱ्या पंडितांना लांबूनच नमस्कार. तो नात्याचा शब्द आहे, कामाचा नव्हे. ‘मिशनरी’ हा कामाचा शब्द आहे, आणि कोशांतून त्याला सरसकट दिला जाणारा ‘धर्मप्रसारक’ हा प्रतिशब्द मला पटत नाही, कारण त्यात मूळ अर्थाचा लवलेशही उरत नाही. दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत ‘मिशन ॲडमिशन’ असे मथळे झळकू लागतात आणि वर्गणी गोळा करणारे कार्यकर्तेही ‘मिशनरी वृत्तीने’ काम करू लागतात, त्याचेही कारण मूळ अर्थाचा हा विसरच.

लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. मिशनरी म्हणजे पाठवलेला. याच अर्थाच्या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलने ‘प्रेषित’ हा नेमका शब्द योजला आणि अरबी ‘रसूल’चाही अर्थ तोच आहे. या ‘मित्तेरे’चे गोत्र एवढे पसरलेले आहे की वसईतल्या ख्रिस्ती उपासनेचा ‘मिस्सा’ त्यात येतो, दलालाचे कमिशन येते, नोकरीतून होणारे ‘डिसमिस’ येते, आणि विद्यार्थी जेवतात ती मेसही येते, कारण मेस म्हणजे मुळात पानावर पाठवलेला पदार्थ. वर उल्लेखिलेल्या मथळ्यात एकाच धातूची दोन लेकरे शेजारी बसली आहेत, याचा त्या उपसंपादकांना पत्ताही नसावा.

पण मला सर्वांत आवडतो तो ‘परमिट’. दारूबंदीने आपल्याला परमिट रूम दिली, त्यामुळे मराठी माणसाला या शब्दाबरोबर दुसरे काही आठवत नाही. वूस्टरना मात्र त्याच शब्दाने तुरुंगात नेले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने डिसेंबर १८३० मध्ये कायदा केला की, चेरोकींच्या भूमीत राहणाऱ्या गोऱ्या माणसाने राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन परमिट काढावे, अन्यथा किमान चार वर्षे सक्तमजुरी. मार्च १८३१ मध्ये वूस्टरना पकडले, परंतु ते न्यू एकोटा या चेरोकींच्या राजधानीतील पोस्टमास्टर, म्हणजे केंद्र सरकारचे नोकर असल्याने सोडावे लागले. तेव्हा गव्हर्नरने खटपट करून त्यांना त्या जागेवरून डिसमिस करवले आणि जुलैमध्ये पुन्हा पकडले. अकरा जणांना शिक्षा झाली. नऊ जण माफी स्वीकारून सुटले, वूस्टर आणि डॉ. एलायझर बटलर यांनी ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १८३२ मध्ये जॉर्जियाचा कायदा चेरोकींच्या भूमीत चालत नाही असा निकाल दिला, तरी राज्याने तो जुमानला नाही, आणि दोघे जानेवारी १८३३ मध्येच बाहेर आले. मिशनने पाठवलेला माणूस परमिटविना राहिला म्हणून डिसमिस झाला: तीन शब्द, एक धातू. आपल्या हॉल आणि नॉट यांनाही कंपनी सरकारने परवानगी नाही म्हणून मुंबईतून निघून जाण्याचा हुकूम दिला होताच. (‘पोस्ट’ मात्र या गोत्रातला नाही, तो ‘ठेवणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. मला याचे वाईट वाटते.)

आणि हे सारे लॅटिन ठाऊक असण्याचे कारण नसलेल्या चेरोकींनी, त्यांच्या लिपीचे छपाईचे खिळे पाडून घेण्यासाठी धडपडणाऱ्या आणि १८२८ साली सुरू झालेल्या त्यांच्या साप्ताहिकाच्या छपाईला हातभार लावणाऱ्या या गृहस्थांना नाव दिले ते ‘अत्सेनुस्ती’, म्हणजे निरोप घेऊन आलेला. आपल्या भाषांतरात हे नाव येईल तेथे ते तसेच ठेवावे आणि पुढे ‘निरोप्या’ असे लिहावे. ‘धर्मप्रसारक’ कृपया लिहू नये.